वृषणातल्या स्टेम सेल लॅबमध्ये वाढवणं: वाढतात खऱ्या, पण स्टेम सेल राहतात का?

उंदीरमामी

मागे त्या आयव्हीएफच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की आता स्टेम सेलपासून लॅबमध्येच शुक्राणू बनवतात म्हणे, मग लोक एवढे पैसे कशाला घालवतात. तिथे लिहायला घेतलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतेय. माझं रोजचं काम हेच आहे, उंदराच्या वृषणातल्या स्टेम सेल काढायच्या, वाढवायच्या, गोठवायच्या आणि परत उंदरात घालून बघायच्या. लॅबमध्ये आम्ही ह्यांना एसएससी म्हणतो, म्हणजे स्पर्मॅटोगोनियल स्टेम सेल (दहावी बोर्डाचे विनोद सगळे ऐकून झालेत, नवीन असेल तरच टाका).

पुरुषात म्हातारपणापर्यंत शुक्राणू बनत राहतात ते ह्यांच्याच जिवावर. वृषणात बारीक नळ्यांचं गुंडाळं असतं आणि नळीच्या अगदी बाहेरच्या कडेला ह्या बसलेल्या असतात. विभागल्या की काही स्टेम सेलच राहतात, बाकीच्या शुक्राणू व्हायच्या वाटेला लागतात. उंदरात ती वाट साधारण ३५ दिवसांची, माणसात दोन महिन्यांहून जास्त. आणि असतात किती? १९९३ मधली एक डच मोजणी आहे, तिच्यानुसार उंदराच्या एका वृषणात साधारण ३५ हजार, म्हणजे तिथल्या जननपेशींच्या ०.०३ टक्के. दहा हजारात तीन! त्यात पुन्हा दिसायला शेजारच्या पेशींसारख्याच, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली बोट ठेवून ही बघा स्टेम सेल असं म्हणायची सोय नाही.

मग ओळखायच्या कशा? इथे राल्फ ब्रिन्स्टर येतात. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी, मूळचे पशुवैद्यक. १९९४ साली त्यांनी एका उंदराच्या वृषणातल्या पेशी घेऊन दुसऱ्या उंदराच्या वृषणात सोडल्या. दुसऱ्या उंदराच्या स्वतःच्या जननपेशी बुसल्फान नावाचं कॅन्सरचं औषध देऊन आधीच मारलेल्या. देणाऱ्या उंदराच्या पेशींमध्ये असं जीन होतं की विशिष्ट रसायन घातलं की त्या निळ्या होतात. दोनेक महिन्यांनी नळ्या रंगवल्या तर निळे पट्टे दिसले, म्हणजे आत सोडलेल्या पेशी कडेला जाऊन बसल्या आणि तिथे कामाला लागल्या, आणि त्या शुक्राणूंपासून पिल्लंसुद्धा झाली. एक पट्टा म्हणजे साधारण एक स्टेम सेल, त्यामुळे पट्टे मोजले की सुरुवातीला किती होत्या त्याचा अंदाज येतो. आजही पक्की परीक्षा हीच, बाकी सगळे मार्कर (पेशीची ओळख सांगणारी प्रथिनं) वगैरे ठीक आहेत.

आता वाढवण्याबद्दल. २००० साली कळलं की वृषणातल्या सर्टोली पेशी (जननपेशींना सांभाळणाऱ्या) जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि ते कमी पडलं की उंदराच्या स्टेम सेल संपत जातात, आणि फार झालं की नुसत्या साचत राहतात, पुढे जातच नाहीत. हे हाताला लागलं आणि डिशमध्ये वाढवायच्या कशा हे कोडं सुटलं. २००३ मध्ये क्योटोच्या शिनोहारा मंडळींनी नवजात पिल्लांच्या पेशी जीडीएनएफ आणि आणखी काही वाढ-घटक घालून पाच महिने वाढवल्या, लाख कोटी पटीहून जास्त! २००४ मध्ये ब्रिन्स्टर यांच्याच लॅबमधून कुबोता यांनी सीरम (रक्तातून पेशी काढल्यावर उरणारा द्रव) नसलेलं मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रव, दिलं. २००५ मध्ये शिनोहारा यांनी पुन्हा दाखवलं की दोन वर्षांहून जास्त काळ वाढवता येतात, एकावर ८५ शून्यं एवढ्या पट (हिशोबाने हं, तेवढ्या डिश पृथ्वीवर मावणार नाहीत), गुणसूत्रं जागेवर, फक्त टोकाचे टेलोमिअर आखूड होत जातात.

प्रत्यक्षात कसं करतात ते सांगते कारण मजा तिथेच आहे. सहा-आठ दिवसांच्या पिल्लांची वृषणं घ्यायची, तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नसतात, वरचं पांढरं आवरण सोलायचं, आतला गुंता कोलाजिनेज ह्या विकरात हलवला की नळ्या सुट्या होतात, मग पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन. ट्रिप्सिनबरोबर डीएनेज घालायलाच लागतं, नाहीतर मेलेल्या पेशींचा डीएनए बाहेर येऊन सगळं चिकट होतं, पिपेट वर उचललं की तार सुटते आणि चांगल्या पेशी त्या गोळ्यात अडकून बसतात. मग ४० मायक्रॉनची गाळणी. मग जिलेटिन लावलेल्या डिशमध्ये रात्रभर. सकाळपर्यंत फायब्रोब्लास्ट (जोडऊतीतल्या पेशी) आणि सर्टोली तळाला घट्ट चिकटतात, जननपेशी तरंगत नाहीतर अलगद टेकलेल्या असतात, त्या हलक्या हाताने मीडियम फिरवून उचलून घ्यायच्या. नाहीतर थाय-१ ह्या पेशीवरच्या प्रथिनाची अँटीबॉडी लावून चुंबकाने वेगळ्या करायच्या, ते जास्त स्वच्छ.

मग ह्या फीडरवर टाकायच्या. फीडर म्हणजे मायटोमायसिन देऊन विभागणं बंद पाडलेले फायब्रोब्लास्ट. स्वतः वाढत नाहीत, पण वरच्यांना सांभाळतात. आठवड्याभरात गोल गोल पेशींचे घोस दिसायला लागतात, द्राक्षाच्या घडासारखे, फीडरला जेमतेम धरून. गोल, चकचकीत, पेशीपेशीमधली सीमा नीट दिसतेय म्हणजे तब्येत बरी. चपट्या होऊन पसरायला लागल्या की समजायचं काहीतरी बिनसलंय.

आणि खरी गोम आता. असे छान घोस दिसतात त्यातल्या ट्रान्सप्लांट केल्यावर खरोखर स्टेम सेल ठरतात त्या शेकड्याला एखाद-दोन. बाकीच्या दिसतात तशाच, मार्करही बरेचसे तेच, पण वृषणात जाऊन वस्ती करत नाहीत. म्हणून कुणी नुसती भरलेली डिश दाखवून आम्ही स्टेम सेल वाढवल्या म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारते, ट्रान्सप्लांट केलं का?

प्रश्न विचारा, वेळ मिळेल तशी उत्तरं देईन.

अण्णा_डोंबिवली

वाचतोय. पण मामी, मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं की, लॅबमध्ये शुक्राणू बनतात का नाही? हो की नाही एवढंच सांगा, आम्ही कॉमर्सवाले.

उंदीरमामी

अण्णा, उंदरात हो, माणसात नाही.

उंदरात दोन रस्ते आहेत. एक योकोहामाचा. २०११ मध्ये ओगावा यांच्या लॅबने नवजात उंदराच्या वृषणाचा बारीक तुकडा अॅगारोजच्या जेलीच्या ठोकळ्यावर ठेवला, अर्धा मीडियममध्ये अर्धा हवेत, ३४ डिग्रीला, आणि त्यात पूर्ण शुक्राणू बनले, त्यांच्यापासून पिल्लं झाली, ती पिल्लं मोठी होऊन त्यांनाही पिल्लं झाली. पण तो अख्खा तुकडा होता, सुट्या पेशी नाहीत. दुसरा रस्ता हायाशी आणि साइतोउ यांचा, तेही २०११ चंच, भ्रूणातल्या स्टेम सेलपासून सुरुवातीच्या जननपेशी बनवल्या आणि त्या वृषणात सोडल्या, पुढचं काम वृषणाने केलं. माणसाच्या बाबतीत साइतोउ यांनी २०२४ मध्ये आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी मागे फिरवून बनवलेल्या स्टेम सेल) सुरुवात करून प्रो-स्पर्मॅटोगोनियापर्यंत (एसएससीच्या आधीच्या पेशी) मजल मारली आणि त्या हजार कोटी पटीहून जास्त वाढवून दाखवल्या. जबरदस्त काम आहे, पण तिथून शुक्राणू अजून बराच लांब. कुठलंही क्लिनिक माणसाचे शुक्राणू स्टेम सेलपासून बनवून देतो म्हणत असेल तर खिशाला हात लावू नका.

केमिकल_लोचा

३४ डिग्री का? वृषण बाहेर असतं म्हणून?

उंदीरमामी

हो, तेच. पण गंमत म्हणजे नुसत्या स्टेम सेल वाढवायला नेहमीचं ३७ चालतं, सगळे त्यावरच वाढवतात. गार वातावरण लागतं ते पुढे शुक्राणू बनायला. ऑक्सिजनचं मात्र उलट, हवेतला २० टक्के ह्यांना जास्त होतो. ह्या पेशी ऊर्जेसाठी मुख्यतः ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजन न वापरता साखर तोडण्यावर, चालतात. २०१७ मध्ये वॉशिंग्टन स्टेटच्या ओटली यांच्या गटाने ऑक्सिजन कमी करून आणि मीडियम त्या बेताने बदलून दाखवलं की बरेच महिने वाढवूनही ट्रान्सप्लांटची ताकद जास्त टिकते. साध्या इन्क्युबेटरमध्ये डिश तेवढीच भरलेली दिसते पण आतला दम हळूहळू जातो. वर म्हटलं ना, डिशवर जाऊ नका.

सोनचाफा

खूप छान लिहिलंयस. बायकांचं काय पण? आमच्या सोसायटीतल्या एकीला एका क्लिनिकमध्ये सांगितलं की ओव्हरीत स्टेम सेल इंजेक्ट करून नवीन अंडी तयार करतात, आकडा ऐकून तिच्या नवऱ्याला घामच फुटला. खरं असतं का असं?

उंदीरमामी

क्लिनिकचं नाव इथे टाकू नकोस, पण तिला आधी थांबव.

स्त्रीच्या अंडाशयात अंडी जन्माच्या आधीच ठरलेली असतात ही शंभर वर्षांची समजूत. २००४ मध्ये बॉस्टनच्या टिली यांच्या गटाने उंदरात म्हटलं की नाही, नवीन बनतात. २००९ मध्ये शांघायहून पेपर आला की उंदराच्या अंडाशयातल्या स्टेम सेल वाढवून पिल्लं मिळवली, २०१२ मध्ये टिली यांनी माणसाच्या अंडाशयातूनही अशा पेशी वेगळ्या केल्याचं लिहिलं. पण त्याच वर्षी दुसऱ्या गटाने उंदरात पेशींना रंगीत खूण लावून माग काढला आणि विभागणाऱ्या जननपेशी सापडल्याच नाहीत. ज्या अँटीबॉडीने ह्या पेशी पकडतात ती पेशीच्या आतल्या प्रथिनाची, मग बाहेरून ती चिकटते तरी कशाला ह्यावरून वेगळंच रण माजलं. २०२० मध्ये माणसाच्या अंडाशयातल्या पेशी एकेक करून तपासल्या तेव्हा त्या अँटीबॉडीला अडकणाऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भोवतालच्या निघाल्या. आपल्याकडे परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन संस्थेतून व्हीसेल नावाच्या अगदी छोट्या पेशींवर बरंच काम प्रसिद्ध झालंय, तोही वाद मिटलेला नाही. माझं मत विचारशील तर मला अजून पटलेलं नाही. असो.

उपचार म्हणून मात्र वादाला जागा नाही. आयसीएमआर आणि डीबीटीच्या (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) २०१७ च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की मान्यताप्राप्त ट्रायलच्या बाहेर असलं काही करणं गैर आहे. ठरलेल्या रक्ताच्या वगैरे आजारांतलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट तेवढं अपवाद. आणि ट्रायल असेल तर पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले तिथेच काय ते कळलं.

सोनचाफा

तिला हा धागाच पाठवते.

खडूस_वाचक

लेख चांगला पण "पक्की परीक्षा" वर आक्षेप. ट्रान्सप्लांटमध्ये तुम्ही पेशीला रिकाम्या वृषणात सोडता, तिथे सगळीकडे जागा मोकळी, सर्टोली पेशी जीडीएनएफ घेऊन बसलेल्या. अशा ठिकाणी पुढे गेलेली पेशीसुद्धा मागे फिरू शकते. मग तुम्ही मोजलंत ते डिशमध्ये काय होतं हे, की वृषणाने त्याचं काय केलं हे? शिवाय २००३ चं ते डिशमधलं कल्चर डीबीए/२ जातीच्या उंदरात झालं, सी५७ ब्लॅक/६ वर तसंच करून बघा म्हणावं.

उंदीरमामी

खडूस, तुमची वाटच बघत होते.

आक्षेप बरोबर आहे आणि त्याला पुरावाही आहे. २०१० मध्ये योशिदा यांच्या गटाने उंदरात दाखवलं की ज्या पेशी साखळीने जोडलेल्या असतात, म्हणजे शुक्राणूच्या वाटेला लागल्यात असं आपण धरून चाललो होतो, त्यातल्या काही साखळी तोडून परत एकेकट्या होतात आणि स्टेम सेलचं काम करायला लागतात, जखम झाली की जास्तच. म्हणजे स्टेम सेल ही अमुक पेशी अशी नसून ती त्या पेशीची तात्पुरती अवस्थाही असू शकते. त्यामुळे ट्रान्सप्लांट मोजतं ते "संधी दिली तर होईल का" एवढंच. शिवाय सोडलेल्यांपैकी बऱ्याच कडेपर्यंत पोचतच नाहीत, म्हणजे खरा आकडा पट्ट्यांपेक्षा जास्तच असणार.

तरीही मी त्याच परीक्षेला धरून राहीन, कारण मला पेशीकडून शेवटी हवंय तेच ती विचारते. जीएफआर-अल्फा-१ मार्कर दिसतो, पीएलझेडएफ दिसतो, म्हणून स्टेम सेल, ह्या वाक्यावर अख्ख्या संशोधन क्षेत्राचे किती पैसे आणि वर्षं बुडाली असतील. जातीचं म्हणाल तर खरंय, डीबीए/२ लाडाची, ब्लॅक/६ रडवते. बऱ्याच लॅब त्यामुळे दोघांचं संकर केलेलं पिल्लू घेऊन मोकळ्या होतात.

खडूस_वाचक

ठीक. "संधी दिली तर" हे लेखात घाला मग.

उंदीरमामी

संपादनाची मुदत गेली. प्रतिसादात आलंय की.

गुरांचा_डॉक्टर

मी पंढरपूर भागात प्रॅक्टिस करतो. एक व्यावहारिक प्रश्न, चांगला रेडा मेला की त्याच्या सीमेनच्या जेवढ्या स्ट्रॉ साठवल्या असतील तेवढ्याच, पुढे संपलं. ह्या पेशी वाढत्या राहत असतील तर एका रेड्याच्या पेशी कायम वाढवत ठेवता येतील का आणि दुसऱ्या साध्या रेड्यात घालून त्याच्याकडून त्या चांगल्या रेड्याचं बीज मिळेल का? पंढरपुरी म्हशींची संख्या बघता असं काही व्हायला पाहिजे.

उंदीरमामी

डॉक्टर, तुम्ही म्हणताय त्याला सरोगेट सायर म्हणतात आणि त्यावर बरंच काम चाललंय. अडचण अशी की घेणाऱ्या नराच्या स्वतःच्या जननपेशी नकोत. मोठ्या जनावराला बुसल्फान देणं म्हणजे त्याचा बोनमॅरोही मारणं. मग ओटली यांच्या गटाने नॅनोस-२ हे जीनच बंद केलेले डुक्कर, बकरे, बैल बनवले, त्यांचं वृषण बाकी ठणठणीत पण जननपेशी नाहीत. २०२० मध्ये अशा बोकडात आणि डुकरात दुसऱ्याच्या पेशी सोडून त्या दुसऱ्याचे शुक्राणू मिळाल्याचं प्रसिद्ध झालं.

पण ते ताज्या पेशी काढून लगेच सोडण्याचं झालं. वाढवून मग सोडायचं तर गाडं कल्चरवर अडतं. उंदराचं मीडियम उचलून गाईच्या पेशींना दिलं की त्या थोडे दिवस तग धरतात आणि मग खालून फायब्रोब्लास्ट सगळं व्यापून टाकतात. गाईच्या बाबतीत गाईच्याच गर्भातले फायब्रोब्लास्ट फीडर म्हणून वापरल्यावर दोनेक महिने निभावलं. म्हशीवर कर्नालच्या एनडीआरआयमध्ये काम झालंय. पण कायम वाढवत ठेवायच्या ही अवस्था मोठ्या जनावरात आलेली नाही. तोपर्यंत वृषणाचे तुकडे डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणारं द्रव) गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवणं हे स्वस्त आणि शहाणपणाचं. चांगला नर अपघाताने गेला तरी ताबडतोब वृषण काढून हे करता येतं.

गुरांचा_डॉक्टर

म्हणजे नायट्रोजनची कॅन भरलेली ठेवणं हेच अवघड काम आमच्याकडे. बघतो. धन्यवाद ताई.

मत्स्यगंधा

मामी, मी रत्नागिरीला फिशरीजला होते. आमच्या एका सरांनी सांगितलेलं की जपानमध्ये एका माशाने दुसऱ्याच माशाची पिल्लं दिली, ते ह्यातलंच ना?

उंदीरमामी

हो हो, ते तर माझं सगळ्यात लाडकं! टोकियोच्या मरीन युनिव्हर्सिटीचे योशिझाकी. रेनबो ट्राउटच्या वृषणातल्या पेशी नुकत्याच बाहेर आलेल्या साल्मनच्या पिल्लांच्या पोटात सोडल्या. त्या वयात पिल्लाची रोगप्रतिकारशक्ती तयार झालेली नसते त्यामुळे परकी पेशी हाकलली जात नाही, आणि पेशी आपल्या पायांनी रांगत गोनॅडपर्यंत (पुढे वृषण किंवा अंडाशय होणारा भाग) जातात. साल्मन ट्रिप्लॉइड म्हणजे स्वतः वांझ. मोठे झाल्यावर त्या साल्मन नरांनी ट्राउटचे शुक्राणू दिले. आणि मादी पिल्लांत गेलेल्या त्याच वृषणातल्या पेशींनी चक्क ट्राउटची अंडी दिली! साल्मन आई, साल्मन बाप, पोरं सगळी ट्राउट. २००७ चं आहे.

बापाच्या अंगातली पेशी आईच्या अंगात गेल्यावर अंडं होते, म्हणजे पेशी कोण होणार हे पेशी जेवढं ठरवते तेवढंच तिची जागा ठरवते. सस्तन प्राण्यात एवढं लवचिक नाही. पण १९९६ मध्ये ब्रिन्स्टर यांनी रॅटच्या (मोठा उंदीर, वेगळी प्रजाती) पेशी उंदरात सोडल्या होत्या आणि उंदराच्या वृषणात रॅटचे शुक्राणू बनले, तेही लक्षात घे.

मत्स्यगंधा

बाप रे. आमच्याकडच्या नामशेष होत चाललेल्या नदीच्या माशांसाठी हे कुणीतरी करा रे.

काकू_ठाणे

धागा वरवर वाचला, सगळं कळलं नाही. आमच्या पुतण्याच्या मुलाला कॅन्सर निघालाय, वय नऊ, पुढच्या आठवड्यात केमो सुरू. डॉक्टर म्हणाले पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. ह्या पेशी काढून ठेवता येतात का? आत्ता काही करायला हवं का?

उंदीरमामी

काकू, आधी मुलाला लवकर बरं वाटू दे.

मी डॉक्टर नाही, संशोधन करते, त्यामुळे हे त्याच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारण्यासाठी म्हणून वाचा, आणि उद्याच विचारा, केमो सुरू व्हायच्या आधी. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू गोठवून ठेवतात, ते नेहमीचं झालंय. नऊ वर्षांच्या मुलात शुक्राणू अजून बनतच नाहीत, पण एसएससी असतात. म्हणून अशा मुलांच्या वृषणाचा छोटा तुकडा काढून गोठवतात, पण ते अजून प्रायोगिक धरतात आणि जगात मोजक्याच ठिकाणी करतात. सगळ्याच केमोने सारखं नुकसान होत नाही, सायक्लोफॉस्फामाइड, बुसल्फान ह्या गटातली औषधं आणि बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या आधीचं रेडिएशन जास्त घातक. त्याला नक्की कुठली औषधं, किती डोस, ह्यावर गरज आहे की नाही ते ठरेल. आणि ह्यासाठी केमो लांबवायची नाही, हे सगळ्यात आधी.

पुढे त्या तुकड्याचं काय? २०१९ मध्ये पिट्सबर्गच्या ऑरविग यांच्या गटाने माकडाच्या पिल्लाचा गोठवलेला तुकडा त्याच्याच कातडीखाली परत बसवला, वयात आल्यावर त्यात शुक्राणू बनले आणि त्यातून माकडाचं पिल्लू झालं. ब्रसेल्सला २००८ मध्ये एका मुलाचा गोठवलेला तुकडा २०२५ च्या सुरुवातीला त्याच्याच अंगात परत बसवलाय. पिट्सबर्गलाही एका तरुणात त्याच्या लहानपणच्या पेशी परत सोडल्यात. म्हणजे दार उघडतंय, पण खात्री आज कुणीच देऊ शकत नाही.

काकू_ठाणे

खूप आभार बेटा. उद्या सकाळीच विचारायला सांगते.

अण्णा_डोंबिवली

काकू, काळजी घ्या. काही मदत लागली तर व्यनि करा, टाटाजवळ राहायच्या सोयीचं मी बघू शकतो.

बारावी_सायन्स

मामी, मग माणसाच्या पेशी उंदरासारख्या वाढवून मुलाला परत का देत नाहीत? छोट्या तुकड्यात पेशी कमीच असणार ना?

उंदीरमामी

बरोबर पकडलंस, म्हणूनच सगळे कल्चरच्या मागे आहेत. आणि कल्चर हवं त्याला आणखी एक कारण आहे. ल्युकेमियाच्या मुलाच्या वृषणात कॅन्सरच्या पेशी लपून असू शकतात. २००१ मध्ये ल्युकेमिया असलेल्या रॅटच्या वृषणातल्या पेशी निरोगी रॅटमध्ये सोडल्या तर त्यांनाही ल्युकेमिया झाला, अगदी थोड्या पेशी पुरल्या. म्हणजे तुकडा तसाच परत बसवणं धोक्याचं, स्टेम सेल तेवढ्या निवडून, वाढवून, तपासून द्यायला हव्यात.

पण माणसाच्या वाढत नाहीत. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमहून पेपर आला की प्रौढ माणसाच्या वाढवल्या, काही महिने, सगळे खूश. मग ठिकठिकाणी करून बघितलं तर डिशमध्ये वाढतंय ते बरंचसं वृषणातल्या इतर पेशींचं, जननपेशी आठवड्या-आठवड्याला कमी होत जातात. आणि माणसाच्या पेशींना ती पक्की परीक्षाही पूर्ण देता येत नाही. माणसात सोडून बघता येत नाही. उंदराच्या वृषणात सोडल्या तर कडेला जाऊन बसतात, थोड्या वाढतात, पण शुक्राणू बनवत नाहीत, दोघांचं अंतर फार. म्हणजे वाढल्या असं कुणी म्हणालं तरी तपासायचं कसं ह्यावरच भांडण. मला विचारशील तर मीडियमपेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि ह्यावर काम करणारे कमी कारण त्यातून पेपर लवकर निघत नाही.

खडूस_वाचक

शेवटच्या वाक्याला +१००.

केमिकल_लोचा

गोठवल्या की किती वर्ष टिकतात?

उंदीरमामी

उणे १९६ ला, म्हटलं तर कितीही. पण २०२२ मध्ये ब्रिन्स्टर यांच्या लॅबने २३ वर्षं गोठवलेल्या रॅटच्या स्टेम सेल काढून उंदरात सोडल्या. त्या बसल्या, वाढल्या, पण शुक्राणूपर्यंत पोचणाऱ्या कमी निघाल्या. परत तेच बघ, जगल्या हे खरं पण बऱ्याच जणी पुढचं काम पूर्ण करत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलाचा तुकडा वीस वर्षांनी लागणार, त्यामुळे हा पेपर सगळ्यांनी दोनदा वाचलाय.

पिपेटवाला

पहिल्यांदाच लिहितोय, बरेच महिने नुसता वाचक होतो. पुण्यात पीएचडीला आहे आणि गाईडने हेच कल्चर बसवायला सांगितलंय. पेशी येतात, दहा दिवस मस्त असतात, मग फायब्रोब्लास्ट वर येतात. अँटिबायोटिक, फंगसचं औषध सगळं घालतोय. जीडीएनएफ इतकं महाग आहे की गाईड म्हणतात अर्ध्या डोसवर चालव.

उंदीरमामी

स्वागत! अर्ध्या डोसवर चालवू नकोस. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर धरलं तर १० मायक्रोग्रॅमच्या कुपीत अर्धा लिटर मीडियम होतं, ते ६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटऐवजी २४ वेलमध्ये लहान प्रमाणात वापर, पैसे तिथे वाचव. कुपी एकदा विरघळली की छोटे छोटे भाग करून गोठव, काढ-घाल केलं की त्याचा जोर जातो.

फायब्रोब्लास्ट येतायत म्हणजे बहुतेक मीडियममध्ये सीरम आहे. ट्रिप्सिन थांबवायला जे सीरम घालतोस तेही नीट धुऊन काढ. पहिले दोन-तीन पॅसेज (पेशी नव्या डिशमध्ये हलवणं) ट्रिप्सिन वापरूच नकोस, नुसतं मीडियम पिपेटने हलकेच मारून घोस उचल, फायब्रोब्लास्ट खाली राहतील. फीडर आदल्या दिवशी टाक आणि मायटोमायसिन पाच-सहा वेळा धू, उरलेलं तुझ्याच पेशी मारतं. पिल्लं शुद्ध ब्लॅक/६ असतील तर गाईडशी बोलून डीबीए/२ शी संकर मागव, त्यासाठी प्राणी समितीची परवानगी परत घ्यावी लागेल, ते आत्ताच सुरू कर कारण त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आणि अँटिबायोटिकवर भिस्त ठेवू नकोस, मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला पेशीभिंतच नसते, पेनिसिलिन त्याला काही करत नाही, मीडियम गढूळही होत नाही, पेशी नुसत्या मंद होतात आणि तू मीडियमला दोष देत बसतोस. पीसीआर करून घे. पेशी उसन्या आणल्या असतील तर आधी तेच.

पिपेटवाला

फीडर शेजारच्या लॅबमधून आणलेत... उद्या पीसीआर लावतो. सीरम आहेच, १० टक्के.

उंदीरमामी

१० टक्के!! काढ ते आधी.